विलायतेत घेतलेलं घर

मागच्या हिवाळ्यात आम्ही कच्छला जाऊन आलो. सगळे जातात तसंच. पांढरं रण, भुज आणि शेवटच्या दिवशी मांडवी. मांडवीला समुद्र बघायचा, लाकडी गलबतं बांधतात ती बघायची, दाबेली खायची आणि परत फिरायचं, एवढाच बेत होता. पण ड्रायव्हरने गाडी मध्येच एका ठिकाणी उभी केली. हे बघितल्याशिवाय मांडवीहून कुणी जात नाही, असं त्याचं म्हणणं. खाली उतरून पाहते तर काय, लाल विटांचं, उतरत्या छपराचं, चक्क विलायतेतलं घर! आजूबाजूला रखरखीत माळ, आणि मधोमध हे लंडनचं घर.

ते म्हणजे लंडनच्या इंडिया हाउसची हुबेहूब प्रतिकृती. पंडित श्यामजी कृष्ण वर्मा यांचं स्मारक, क्रांतितीर्थ. २०१० मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. सावरकरांच्या चरित्रामुळे इंडिया हाउसचं नाव आपल्या मराठी घरांमध्ये नवीन नाही. पण ते घर विकत कुणी घेतलं होतं, पैसा कुणाचा होता, हे मला तरी धड ठाऊक नव्हतं. आणि त्या दिवशी मला नेमका तोच प्रश्न पडला, कारण आमच्या घरात तेव्हा परदेशातल्या घराचाच विषय चालू होता.

माझे धाकटे दीर दुबईला नोकरीला आहेत. भाऊजींच्या मनात तिथे एक फ्लॅट घ्यायचा होता. त्यासाठी आमच्या घरामागचा मोकळा प्लॉट विकून पैसे द्यावेत, भाड्याचं उत्पन्न दोघा भावांनी वाटून घ्यावं, असा त्यांचा विचार. प्लॉट सासूबाईंच्या नावावर. सासऱ्यांनी पै पै साठवून घेतलेला. यांना कल्पना पसंत होती. मला नाही म्हणायचं होतं, पण का नाही ते सांगता येत नव्हतं. त्या प्रवासानंतर मी लायब्ररीतून श्यामजींवरची पुस्तकं आणली आणि दुपारची कामं आटोपली की वाचत बसले. आज त्यांचीच गोष्ट तुम्हाला सांगते.

श्यामजींचा जन्म ४ ऑक्टोबर १८५७ चा, मांडवीचाच. घरची गरिबी. वडील कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये मजुरी करत. अकरा वर्षांचे असतानाच आई गेली, आजीने सांभाळलं. मुलगा मात्र विलक्षण हुशार. मदत करणारी माणसं भेटली आणि तो मुंबईला शिकायला आला. इंग्रजी शाळेबरोबर संस्कृतही शिकला, आणि असं शिकला की १८७७ मध्ये काशीच्या पंडितांनी त्याला पंडित ही पदवी दिली. जन्माने ब्राह्मण नसलेल्या माणसाला काशीने तो मान देणं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. स्वामी दयानंद सरस्वतींचाही त्यांच्यावर मोठा प्रभाव होता.

मुंबईतच १८७५ मध्ये त्यांचं लग्न झालं. मुलगी भानुमती, छबिलदास लल्लुभाई या धनिक व्यापाऱ्यांची लेक, श्यामजींच्या शाळासोबत्याची बहीण. म्हणजे बघा, मजुराचा मुलगा आणि शेठजींची मुलगी. भानुमतीबाईंबद्दल पुस्तकांमध्ये फार थोडं लिहिलेलं आहे. पण श्यामजींची गोष्ट वाचताना मी सारखी त्यांनाच शोधत होते. ज्या ज्या घराचं नाव येई, त्या घरात पुढे जाऊन चूल मांडणारी बाई तीच तर होती!

मोनियर विल्यम्स नावाचे ऑक्सफर्डचे संस्कृतचे प्राध्यापक श्यामजींच्या विद्वत्तेवर खूश झाले होते. त्यांचे मदतनीस म्हणून श्यामजी १८७९ मध्ये विलायतेला गेले, बॅलिऑल कॉलेजात शिकले, १८८३ मध्ये पदवी घेतली आणि बॅरिस्टरही झाले. परत आल्यावर रतलामचे दिवाण झाले. तब्येतीमुळे ते पद सोडावं लागलं तेव्हा त्यांना सुमारे ३२ हजार रुपये मिळाले. त्या काळातले ३२ हजार! दुसरा कुणी असता तर दागिने केले असते, वाडा बांधला असता. श्यामजींनी अजमेरला वकिली सुरू केली आणि पैसा कापसाच्या तीन प्रेसमध्ये गुंतवला. ज्या धंद्यात बाप मजूर होता त्याच धंद्यात मुलगा मालक झाला. कुणापुढे हात पसरावा लागू नये एवढं कायमचं उत्पन्न त्यांनी असं बांधून घेतलं. पुढची सगळी गोष्ट या उत्पन्नाच्या जोरावर घडली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्यानंतर उदयपूर संस्थानात नोकरी, मग जुनागढची दिवाणगिरी. जुनागढला इंग्रज अधिकाऱ्यांशी बिनसलं आणि नोकरी गेली. तो अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवरचा त्यांचा विश्वास उडाला. १८९७ मध्ये इकडे पुण्यात प्लेगच्या वेळचा जुलूम, रँडचा वध, लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला. त्याच वर्षी श्यामजींनी देश सोडला आणि भानुमतीबाईंसह लंडन गाठलं. या वेळी शिकायला नाही, कायमचं राहायला.

१९०० मध्ये त्यांनी लंडनच्या हायगेट भागात घर घेतलं. हे नवरा-बायकोचं राहतं घर. हायगेट म्हणजे उत्तर लंडनमधली टेकडीवरची चांगली वस्ती. सुरुवातीला श्यामजी पुस्तकात रमलेले असत. हर्बर्ट स्पेन्सर या तत्त्ववेत्त्याला ते गुरू मानत. १९०३ मध्ये स्पेन्सर वारले तेव्हा त्यांच्या अंत्यविधीच्या वेळीच श्यामजींनी त्यांच्या नावाने ऑक्सफर्डला व्याख्यानमाला सुरू करण्यासाठी एक हजार पौंडांची देणगी जाहीर केली. एका हिंदी माणसाने एवढी रक्कम द्यावी याचं तिकडच्या लोकांना नवल वाटलं.

मग आलं १९०५ साल. जानेवारीत त्यांनी इंडियन सोशिऑलॉजिस्ट हे मासिक सुरू केलं, फेब्रुवारीत होमरूल सोसायटी काढली. आपल्या मुलांनी परदेशी येऊन शिकावं म्हणून शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. अट एकच. शिकून झाल्यावर इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही. पण मुलं आली तरी राहणार कुठे? काळ्या माणसाला खोली द्यायला लंडनमधले कित्येक घरमालक तयार नसत. आपल्याही गावात अमक्या जातीला खोली देणार नाही म्हणणारे आजही भेटतात, तेव्हा हे दुःख समजायला आपल्याला लांब जायला नको.

श्यामजींनी हायगेटमध्येच दुसरं घर विकत घेतलं. ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू. पंचवीस विद्यार्थी राहू शकतील एवढं मोठं. वाचनालय, सभेसाठी हॉल. नाव दिलं इंडिया हाउस. १ जुलै १९०५ ला हाइंडमन या इंग्रज समाजवादी पुढाऱ्याच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दादाभाई नौरोजी, मादाम कामा, लाला लजपतराय अशी मंडळी हजर होती. राहत्या घराच्या जोडीला दुसरं घर आपणही घेतो, पण भाड्यासाठी नाहीतर मुलांसाठी. या जोडप्याला मूलबाळ नव्हतं. त्यांनी ते दुसऱ्यांच्या मुलांसाठी घेतलं.

आणि काय मुलं आली तिथे! आपल्या नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये टिळकांच्या शिफारशीने शिष्यवृत्ती मिळवून आले ते याच घरात राहिले. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरावरचं त्यांचं पुस्तक लिहून झालं ते इथे असतानाच. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजे आपले सेनापती बापट, लाला हरदयाळ, व्ही. व्ही. एस. अय्यर, मदनलाल धिंग्रा ही सगळी त्या घराशी जोडलेली माणसं. रविवारी सभा भरत. १९०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून लंडनला गेलेल्या गांधीजींनीही तिथे जाऊन श्यामजींची भेट घेतली होती. मार्ग वेगळे, पण पाय त्याच उंबऱ्याला लागलेले.

आता गोष्टीची दुसरी बाजू. घर श्यामजींचं, पैसा श्यामजींचा, कागदपत्रं पक्की. पण देश कुणाचा? इंग्रजांचा. घरावर पोलिसांची पाळत बसली. पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले, वर्तमानपत्रांनी झोड उठवली. अटक होणार हे ओळखून १९०७ मध्ये श्यामजी आणि भानुमतीबाई लंडन सोडून पॅरिसला गेले. स्वतःच्या मालकीच्या घरात परत पाय ठेवणं त्यांच्या नशिबी नव्हतं. मागे इंडिया हाउसचं पुढारपण सावरकरांकडे आलं. १९०९ च्या एप्रिलमध्ये इनर टेंपल या वकिलांच्या संस्थेने श्यामजींचं नाव आपल्या यादीतून काढून टाकलं. १ जुलै १९०९ ला मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. इंडिया हाउस उघडलं त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. १७ ऑगस्टला धिंग्रा फाशी गेले. इंडिया हाउसला टाळं लागलं आणि पुढे ते विकलं गेलं.

चार वर्षं, फक्त चार वर्षं! हिशेबाच्या वहीत लिहायचं तर हा व्यवहार तोट्याचाच म्हणावा लागेल. पण त्या घराचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पॅरिसलाही त्यांना कायमचं राहता आलं नाही. इंग्रज आणि फ्रेंच सरकारांची जवळीक वाढत चालली, तेव्हा १९१४ मध्ये दोघं जिनिव्हाला गेली. महायुद्ध संपेपर्यंत राजकारण करायचं नाही या अटीवर स्वित्झर्लंडमध्ये राहायला मिळालं. मासिकही बंद ठेवावं लागलं. युद्धानंतर ते पुन्हा निघालं, पण १९२२ मध्ये कायमचं थांबलं. जुने सहकारी दुरावले होते. श्यामजींचा स्वभावही काही गोड नव्हता, हे सांगायला हवं. मादाम कामांशी, पॅरिसच्या मंडळींशी त्यांचे खटके उडाले होते.

१९२६-२७ च्या सुमारास जवाहरलाल नेहरू जिनिव्हात त्यांना भेटले. नेहरूंनी आत्मचरित्रात त्या घराचं जे वर्णन केलं आहे ते वाचून माझ्या पोटात कालवलं. घराच्या अगदी वरच्या मजल्यावर म्हातारा-म्हातारी दोघंच. दिवसभराचा नोकर नाही. खोल्या कोंदट, सगळीकडे धूळ. खिशात मासिकाचे जुने अंक कोंबलेले. पैसा भरपूर, पण ट्रामचे दोन पैसे वाचवायला श्यामजी पायी चालत. येणारा प्रत्येक माणूस इंग्रजांचा हेर असेल, नाहीतर आपल्या पैशावर डोळा ठेवून आला असेल, असा त्यांना संशय. आपल्या पैशाचा एखादा ट्रस्ट व्हावा, परदेशात शिकणाऱ्या हिंदी मुलांना तो मिळावा, असं त्यांच्या मनात होतं. पण सोपवायचा कुणावर? नेहरूंनीही विश्वस्त व्हायला उत्साह दाखवला नाही.

मी कल्पना करून बघते. भानुमतीबाई तेव्हा साठीच्या पुढे गेलेल्या. मुंबईच्या शेठजींची मुलगी. अजमेर, उदयपूर, जुनागढ, लंडन, पॅरिस, जिनिव्हा, इतक्या ठिकाणी संसार मांडला आणि उचलला. दारावर येऊन वाटीभर साखर मागणारी शेजारीण नाही. संकष्टीला, पाडव्याला कुणाकडे जायचं नाही. आपल्या भाषेत बोलायला एक नवरा, तोही संशयाने पोखरलेला. परदेशातल्या घराचं हे भाडं कुठल्या करारात लिहिलेलं असतं का हो?

३० मार्च १९३० ला श्यामजी जिनिव्हात वारले. पण जाण्याआधी या हिशेबी माणसाने एक शेवटचा व्यवहार करून ठेवला होता. तिथल्या सेंट जॉर्ज स्मशानभूमीशी करार करून, पैसे आगाऊ भरून, स्वतःच्या आणि पत्नीच्या अस्थी शंभर वर्षं जतन करण्याची सोय केली होती. देश स्वतंत्र झाला की अस्थी तिकडे पाठवाव्यात, अशी इच्छा. सगळी घरं हातची गेली, शेवटची ही एवढीशी जागा मात्र दोघांच्या नावाने पक्की केली. तीसुद्धा परदेशातच, आणि तीसुद्धा कायमची नव्हे, घरी परतेपर्यंतची.

भानुमतीबाई तीन वर्षांनी, १९३३ मध्ये गेल्या. पैशाचं काय करायचं हे शेवटी त्यांनाच ठरवावं लागलं. श्यामजींचा ग्रंथसंग्रह आणि हिंदी विद्यार्थ्यांसाठी रक्कम त्यांनी पॅरिसच्या विद्यापीठाकडे सोपवली. आयुष्यभर मागे चालणाऱ्या या बाईने नवऱ्याच्या मनातलं काम तेवढं पुढे नेलं.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. अस्थी मात्र तिथेच राहिल्या. छप्पन्न वर्षं कुणी गेलं नाही. ऑगस्ट २००३ मध्ये गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी दोन्ही कलश भारतात आणले. ते आता मांडवीला, त्या विटांच्या घराच्या आवारात आहेत. इनर टेंपलनेही २०१५ मध्ये श्यामजींचं नाव परत यादीत घातलं. आणि खरं इंडिया हाउस? ते हायगेटला उभंच आहे. सावरकर इथे राहत होते असं सांगणारी निळी पाटी १९८५ मध्ये त्यावर लागली.

हे सगळं वाचून झालं आणि आमच्या घरातल्या विषयाकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. श्यामजींवर आलेलं संकट आपल्यावर येणार नाही, हे उघड आहे. पण जमीन दुसऱ्या देशाची असली की कायदा त्या देशाचा, ही गोष्ट सव्वाशे वर्षांत बदललेली नाही. आपल्या महाराष्ट्र सरकारचंच उदाहरण घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला ज्या घरात राहत होते, ते घर सरकारने २०१५ मध्ये तीस लाख पौंडांहून जास्त किंमत देऊन घेतलं. तिथे स्मारक केलं. पण राहत्या घराचं संग्रहालय करायला तिथल्या नगरपालिकेने परवानगी नाकारली. अपील झालं, सुनावण्या झाल्या, तेव्हा कुठे २०२० मध्ये मंजुरी मिळाली. एका राज्य सरकारची ही कथा, तर तुमची आमची काय?

मी एका ओळखीच्या सी.ए. बाईंकडे जाऊन बसले आणि सगळं विचारून वहीत लिहून आणलं. तुमच्याही घरात कुणाचा मुलगा, कुणाचे दीर बाहेर असतील, म्हणून थोडक्यात सांगते. परदेशात राहणारा माणूस तिथल्या कमाईतून तिथे घर घेऊ शकतो. भारतात राहणाऱ्यांना मात्र रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून, बँकेमार्फत आणि पॅन नंबर देऊनच पैसे पाठवता येतात. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. हवालाने किंवा कुणाच्या हाती पैसे पाठवणं बेकायदा. आपलं नाव त्या घराच्या कागदावर आलं की ते घर दरवर्षी इथल्या आयकराच्या विवरणात दाखवावं लागतं, नाहीतर मोठा दंड बसतो. दुबईत परदेशी लोकांना मालकीने घर घेता येऊ लागलं ते २००२ पासून. पण २००८-०९ मध्ये तिथे किमती कोसळल्या आणि कित्येक इमारती अर्धवट राहिल्या, हेही खरं. बांधकाम पूर्ण व्हायच्या आधी नुसत्या नकाशावर पैसे भरायचे असतील तर दहा वेळा विचार करावा. इमारतीचा वार्षिक देखभाल खर्च भाड्यातून वजा करूनच उत्पन्न मोजावं. आणि मृत्युपत्र करून ठेवावं, कारण मागे राहिलेल्या बाईला परक्या देशाच्या कचेरीत उभं राहावं लागतं.

एका रविवारी भाऊजींचा फोन आला तेव्हा सगळे बसलेले असताना मी वही उघडली. मी एवढं बोलेन असं यांनाही वाटलं नसावं. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं. सासूबाईंनी फक्त एकच विचारलं. त्या घरात कोण राहणार? कुणीच नाही, भाड्याने द्यायचं, असं उत्तर आलं. त्या गप्प बसल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या की मग माझा प्लॉट असू दे, त्यावर निदान माझी तुळस तरी आहे.

प्लॉट विकला नाही. भाऊजी थोडे दिवस नाराज होते. नंतर त्यांनी स्वतःच्या बचतीतून, झेपेल एवढा लहान फ्लॅट घेतला. तयार इमारतीतला, नकाशावरचा नाही. माझा हट्ट एवढाच होता की कागदावर जाऊबाईंचंही नाव असावं. ते लागलं. तिचा त्या रात्री मला वेगळा फोन आला. काही विशेष बोलली नाही, पण बराच वेळ बोलत राहिली.

फोन ठेवला आणि मला पुन्हा जिनिव्हातल्या त्या वरच्या मजल्यावरच्या भानुमतीबाई आठवल्या. तुमच्या घरात असा विषय निघाला, तर किंमत आणि भाडं पुरुषमंडळी विचारतीलच. नाव कुणाचं आणि राहणार कोण, एवढं आपण विचारायचं.